मोजा बरं, चौरस किती?

मी दातांच्या दवाखान्यातल्या भिंतीवरच्या काचेच्या चौकटीतला एक आखीव कागद बोलतोय. उभी चार घरं, आडवी चार घरं आणि खाली एकच प्रश्न: 'यात चौरस किती?' इथल्या मदतनीस बाईंनी पट्टी-पेन घेऊन मला जन्माला घातलं. आतलं यंत्र घुर्रर्र करायला लागलं की बाहेर बसलेले चपला शोधायला लागायचे, म्हणून ही युक्ती.

बहुतेक जण 'सोळा' म्हणून मोकळे होतात. बाई म्हणतात, "अजून बघा." मग मात्र माणूस खुर्ची सोडून माझ्यापाशी येतो आणि दुखरी दाढ विसरतो. माझी काच बोटांच्या ठशांनी भरून जाते. मला त्याचा अभिमानच वाटतो.

एकदा टम्म फुगलेल्या गालाचा एक सुतार आला. बाकावर त्याचा धाकटा भाऊ आधीच बसलेला, तोही गालाला हात लावून! दोघांनी मिळून केलेल्या एका कपाटाची फळी बोटभर आखूड पडली होती. थोरल्याचं माप चुकलं की धाकट्याची करवत, यावरून तीन वर्षं दोघांचा अबोला. थोरल्यानं बाकाचं दुसरं टोक गाठलं आणि माझ्याकडे तोंड फिरवलं.

बराच वेळ पुटपुटून तो बाईंना म्हणाला, "लहान सोळा, चार-चार घरांचे नऊ, सगळा मिळून एक. सव्वीस!"

धाकटा चुळबुळला. छताकडे बघत बसला. शेवटी राहवेना.

"दादा, नऊ-नऊ घरांचे राहिले."

माझी तर रेघन् रेघ ताठ झाली.

"कुठे आहेत?" थोरला गुरगुरला.

"हा काय! जरा सरकवला की हा दुसरा." धाकटा उठून माझ्यावर बोट फिरवू लागला. थोरलाही उठला. डोक्याला डोकं लागलं.

"चार! म्हणजे तीस झाले की रे!"

"तुझी नेहमीचीच घाई."

"आणि तू तीन वर्षं मुकाट बसलास, ते?"

"तू तरी कुठे बोललास?"

दोघं खळखळून हसले आणि लगेच 'आई गं' करत गाल धरून बसले.

तेवढ्यात बाईंनी, सूज जास्त म्हणून, थोरल्याला आधी आत बोलावलं.

"आधी याला घ्या," थोरला म्हणाला. "लहानपणापासून याला दुखणं सोसत नाही."

आता माझी शाई फिकटलीय; बाई अधूनमधून काच काढून रेघा गिरवतात. तुम्ही आलात तर एवढंच करा, मनातल्या मनात मोजू नका. मोठ्यानं मोजा, चुकलात तरी चालेल. टोकणारं कुणीतरी शेजारी असतंच.