पान सहावरची खोली

बावीस वर्षं मी लहान मुलांना जगाची ओळख करून देणारी पुस्तकं करते आहे, आणि या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी जराही संकोच न करता सांगते. राजकन्या, बोलके ससे, ढगांवरची घरं इतरांनी करावीत. माझ्या पुस्तकात मुंगी असते, दात असतात, रस्ता असतो आणि ते सगळं खरं असतं. एकदा कोळ्याला सात पाय छापले गेले, तेव्हा अख्खी आवृत्ती मी परत मागवली. प्रकाशनाच्या मालकांनी कपाळाला हात लावला, पण मी बधले नाही. तीन वर्षांचं मूल पुस्तकात जे पाहतं ते खरंच मानतं, त्यामुळे आठवा पाय रेखाटण्यात कुचराई करून चालत नाही.

नवं पुस्तक घराविषयी होतं आणि ते मी बबडीसाठी करत होते. बबडी माझी नात, साडेतीन वर्षांची. माझ्या लेकीला वर्षभरासाठी कामानिमित्त दूर जावं लागलं, म्हणून ही दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे राहायला आली. स्वयंपाकघरात ती माझ्या डोक्यावर मिरे वाटायची, पण बाहेरच्या खोलीत काही केल्या पाऊल टाकायची नाही. दारापर्यंत यायची, माझं बोट घट्ट धरायची आणि आत नुसती बघत राहायची. रोज सकाळी उठल्या उठल्या "आपल्या घरी कधी जायचं?" असं विचारायची. हे घर तिला आपलं वाटावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून पान सहावर मी माझ्या चित्रकार मैत्रिणीकडून माझीच बाहेरची खोली काढून घेतली. खिडकी, दिवा, टेबल, पुस्तकांचं कपाट, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जसंच्या तसं. वस्तूला नाव मिळालं की मुलाची भीती जाते, हे मी शेकडो मुलांच्या बाबतीत पाहिलं होतं आणि बबडी काही जगावेगळी नव्हती.

छापण्याआधी नमुना प्रत मुलांपुढे ठेवायची आमची पद्धत आहे. तिच्यात फक्त चित्रं असतात, अक्षर एकही नाही. एकेका मुलाला वेगळं बसवायचं, पान उघडायचं आणि आपण गप्प राहायचं. मूल कशावर बोट ठेवतं आणि काय म्हणतं, ते लिहून घ्यायचं. सुचवायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. मुलांनी ज्याला नाव दिलं ते पुस्तकात राहतं, ज्याकडे ढुंकून पाहिलं नाही ते जातं, मग चित्रकाराने त्यात कितीही जीव ओतलेला असो.

बालवाडीतली पहिली मुलगी माझ्यासमोर बसली. खिडकी म्हणाली, दिवा म्हणाली, कपाटाला फ्रीज म्हणाली. मग कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या कोऱ्या पिवळ्या भिंतीवर तिने बोट ठेवलं आणि त्याच सुरात म्हणाली, "काका."

मी लिहून घेतलं. दुसरा मुलगाही काका म्हणाला. तिसऱ्याने घड्याळाच्या आधीच काकांचं नाव घेतलं. त्या दिवशी अकरा मुलं झाली, अकराही बोटं त्याच जागी टेकली, आणि एकाही मुलाला दुसऱ्याचं उत्तर ऐकू जाणं शक्य नव्हतं, कारण दार मी स्वतः लावून घेतलं होतं.

मी घाबरले नाही. कागदावर डाग असेल, रंगाची छटा गडद झाली असेल, मुलांचे डोळे आपल्यापेक्षा तिखट असतात. मैत्रिणीने भिंग लावून पाहिलं. "ताई, इथे नुसता पिवळा आहे गं," ती म्हणाली. "सगळीकडे सारखा फासलेला."

"मग जागा रिकामी दिसते म्हणून होत असेल," मी म्हणाले. "तिथे एक खुर्ची काढ."

तिने सगळं पान नव्याने रंगवलं आणि भिंतीशी लाकडी खुर्ची काढली. या वेळी मी शहराच्या दुसऱ्या टोकाची बालवाडी निवडली. पहिला मुलगा गुबगुबीत, नाक पुसत आलेला. त्याने खुर्चीवर बोट ठेवलं, थोडा विचार केला आणि खूश होऊन म्हणाला, "काका बसले."

त्या दिवशी नऊ मुलं होती. खुर्ची असं एकही म्हणालं नाही.

"हे पान काढून टाकू या," मैत्रीण म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पाच पानांचं घरही चालेल."

मी साफ नकार दिला. पान काढणं म्हणजे माझ्याच खोलीला मी घाबरते असं कबूल करणं, आणि मग बबडीला कुठल्या तोंडाने आत ये म्हणणार होते? पान सहा छापलं गेलं. फक्त एक गोष्ट मला खटकत होती. चित्रात खुर्ची होती, माझ्या खोलीत नव्हती. बबडी पुस्तक घेऊन खोली पडताळून पाहणार, आणि माझ्या पुस्तकात खोटं सापडलेलं मला चाललं नसतं. पहिली प्रत हातात आली त्याच दिवशी मी दुकानात गेले, तशीच लाकडी खुर्ची विकत घेतली आणि कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये नेमकी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मी बबडीला पुस्तक दिलं. पान सहा तिने बराच वेळ पाहिलं. बोट खिडकीवरून, दिव्यावरून फिरत खुर्चीपाशी आलं आणि थांबलं. तिथे ती काही बोलली नाही, नुसती हसली. मग पुस्तक काखेत मारून, माझं बोट न धरता, ती बाहेरच्या खोलीत पळाली.

मी जिंकले होते. अगदी डोळ्यांत पाणी येईतो आनंद झाला. त्या आठवड्यात आपल्या घरी कधी जायचं, असं तिने एकदाही विचारलं नाही. उठली की थेट बाहेरची खोली गाठायची, खुर्चीसमोर फतकल मारून बसायची आणि तिची बडबड मला ओट्यापाशी ऐकू यायची. मध्येच थांबायची, मग खुदकन हसायची. लेकीचा फोन आला तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "रुळली गं तुझी लेक."

रविवारी सकाळी कामं आटोपून मी पहिल्यांदाच तिच्याजवळ जाऊन बसले. खोलीत छान ऊन आलं होतं. बबडी बोलायची थांबली. तिने खुर्चीकडे मान वर करून काहीतरी ऐकून घेतलं, वळून माझ्याकडे पाहिलं, उठली आणि माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

"आजी," ती खुर्चीला म्हणाली. एकेक अक्षर सुटं करून, अगदी सावकाश. "ही आजी."

मग बोट तसंच ठेवून ती गप्प उभी राहिली. मान हलवली नाही, काही सुचवलं नाही.

थोड्या वेळाने तिचा चेहरा खुलला आणि "बरोब्बर!" म्हणत तिने खुर्चीकडे बघत टाळ्या वाजवल्या.