मुठीजवळचा डाग

धोंडप्पाला रिव्हॉल्वर घेऊन काय मिळणार होतं, याचा हिशेब गंगाखेडच्या आमच्या गल्लीनं त्याच्या आधीच मांडून ठेवला होता. बाकी शून्य निघाली. चोरांपासून राखण म्हणावी, तर आडत दुकान त्यानं केव्हाच बंद केलेलं. चोरानं उचलून न्यावं असं घरात एक शिलाई मशीन होतं, आणि तेही बायको भागम्मा गेल्यापासून तिच्याच जुन्या लुगड्याखाली झाकलेलं. दुश्मनाची भीती म्हणावी, तर दुश्मनी ठेवायलासुद्धा चार माणसांत उठबस लागते. लग्नात कमरेला लावून मिरवावं, तर हा गडी आहेराचं पाकीट देऊन अक्षता पडायच्या आत घरी परत.

"मंग घेतलंच कशाला वो, अप्पा?" समोरच्या कमलबाईनं ओट्यावरूनच विचारलं.

"परवाना मंजूर झाला ना."

"उद्या हत्ती मंजूर झाला तर बांधताल का दारात?"

अर्ज धोंडप्पानं दुकान भरात असताना केलेला. तेव्हा रोकड घेऊन परभणीला जाणं-येणं असायचं. सरकारनं सावकाश विचार केला, आणि राखायला काही उरलं नाही तेव्हा परवाना दिला. व्यापारी माणूस, आलेला माल परत पाठवायची त्याच्या हाताला सवय नव्हती.

एक रक्कम मात्र गल्लीच्या हिशेबात आली नव्हती. खुद्द धोंडप्पाच्याही नाही. ती म्हणजे ईश्वरीचा फोन.

ईश्वरी त्याची एकुलती एक मुलगी. चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात माल तपासायच्या कामावर. नवरा, पोरगं, पाळी बदलणारी ड्युटी. तिचा फोन सोमवारचा. महादेवाची पूजा उरकली की बापाला लावायची. जेवलात का, औषध घेतलं का, दार नीट लावता का. तीन प्रश्न, तीन हो, "ठेवते अप्पा." बाकीचे वार कोरडे.

रिव्हॉल्वर घरी आलं तो गुरुवार होता. आणि, कमलबाईनं कळवलं असावं, गुरुवारीच फोन वाजला. तोही व्हिडिओवर.

"दाखवा, अप्पा."

धोंडप्पानं फोन पाणी प्यायच्या तांब्याला टेकवला आणि डबी उघडली.

"हे पांढरं काय लागलंय?"

"भस्म. नवी वस्तू हाय. स्कूटरला नव्हतं का लावलं?"

"स्कूटरच्या दिव्याला लावलं होतं, इंजिनात नव्हतं ओतलं! पार नळीच्या तोंडापर्यंत तीन बोटं ओढलीत तुमी. राख खरखरीत असती अप्पा, आत गेली की लोखंडाला घासती. पुसा ती. महादेवाला सांगा, पोरगी ओरडली म्हणून."

"त्याला काय सांगायचं? त्याला आंगभर हाय, दोन रेघा कमी झाल्या तर कळायचं बी न्हाई."

ईश्वरी हसली. खदखदून, लहानपणी दुकानात धान्याच्या पोत्यांवर लोळून हसायची तशी. धोंडप्पानं ते हसू कुठल्या खात्यावर टाकावं हे न कळून नुसतंच ऐकलं.

मग तिनं त्याला कामाला लावलं. तसल्या हत्याराचं माहितीपत्रक तिनं आधीच फोनवर शोधून वाचलेलं होतं. "पहिलं गोळ्यांची चक्री उघडा. रिकामी हाय? परत बघा. बोट फिरवून बघा. गोळ्या कुठं ठेवल्यात?"

"लोखंडी कपाटात, कुलपात. किल्ली देवळीत."

"किल्ली देवळीत नगं. दुसरीकडं ठेवा. आता ऐका, कारखान्यातून येताना त्याला चिकट तेल फासलेलं असतं, ते सगळं काढायचं. गोळीबाराच्या रेंजवर न्यायच्या आधी नळी कोरडी पायजे. सळईला चिंधी गुंडाळा, आतून काढा. काळी आली? दुसरी घ्या. पांढरी येईपर्यंत."

चिंध्या भागम्माच्या लुगड्याच्या होत्या, मशीनच्या डब्यातल्या. सातवी की आठवी पांढरी आली. मग चक्रीच्या भोकांतून ब्रश, मग घोड्याच्या सांध्यात तेल.

"एक थेंब. थेंब म्हणजे थेंब, अप्पा. पुरणपोळीवर तूप वाढायलाव का?"

फोन ठेवला तेव्हा तो तापला होता. धोंडप्पा बराच वेळ तो गरम फोन हातात धरून बसला. सोमवारचे कितीक फोन एकावर एक रचले असते, तरी एवढा ढीग झाला नसता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "पुसून ठेवलं का? हाताचा घाम लागू देऊ नका, गंज चढतो." तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता झालंय तयार. परभणीला रेंजवर जाऊन एकदा नीट शिकून आलात की माझी काळजी मिटली."

इथं धोंडप्पामधला आडत्या जागा झाला. पोरीची काळजी मिटली म्हणजे फोन मिटला. माल तयार झाला की गिऱ्हाईक उठून जातं. तेव्हा माल तयार होऊ द्यायचा नाही.

"जाऊ की," तो म्हणाला, "पण मला चक्री जरा अडकल्यावानी वाटायलीय."

चक्री मुळीच अडकत नव्हती. पण त्या दिवशी चक्रीवर चांगली चर्चा झाली. पुढं मुठीचा स्क्रू सैल निघाला, त्याला ईश्वरीनं कारखान्यातल्या पोरांना विचारून उपाय सांगितला. मग तेलाला वास येऊ लागला. मग नळीत धरलेला उजेड एका बाजूनं कमी दिसू लागला; तेव्हा ती म्हणाली, "चष्मा पुसा," आणि तो पुसल्यावर खरंच नीट दिसलं, तर दोघंही हसले. सगळा माल एका दिवशी बाजारात आणायचा नसतो, ही त्याची जुनी शिकवण. रोज एकच तक्रार काढायची, दुसरी उद्यासाठी झाकून ठेवायची. मधेमधे ईश्वरी आपलंही बोलायची. पोरगं शाळेत वरण सांडून आलं, सुपरवायझर कसा चिडका आहे, भाकरी तिकडं कशी थापता येत नाही. पूर्वी यातलं काही सोमवारच्या फोनात बसत नसे.

गल्लीला एवढंच दिसायचं की दिवेलागणीला धोंडप्पाच्या बैठकीतून बोलण्याचा आवाज येतो. बाई गेल्यापासून त्या घरातून फक्त कुकरच्या शिट्टीचा आवाज यायचा.

पण नवं हत्यार किती म्हणून बिघडणार? तक्रारी संपल्या. एका संध्याकाळी फोन चार वाक्यांत आटोपला. ईश्वरी म्हणाली, "सगळं ठीक हाय ना? मग ठेवते." धोंडप्पाच्या छातीत सोमवारनं डोकं वर काढलं.

त्या रात्री त्यानं एक चिंधी ओली केली, मुठीजवळच्या लोखंडावर घडी करून ठेवली, आणि झोपला. दोन-तीन रात्री तसंच केलं. पॉलिशखालून डाग उठला. मसुरीच्या डाळीएवढा, तांबूस. नव्या कोऱ्या वस्तूला स्वतःच्या हातानं गंज चढवणारा आडत्या आमच्या बाजारात दुसरा झाला नसेल.

"पोरी, हे बघ काय झालंय."

ईश्वरीनं फोन जवळ आणायला सांगितला. मग आणखी जवळ. ती रोज लोखंड बघणारी बाई. खोटी तक्रार तिनं ओळखली असती. पण हा डाग खरा होता.

"अप्पा, काल तर हे नव्हतं."

"आज दिसायलंय."

"मुठीजवळ आलंय. हाताच्या घामाचं." मग हळू आवाजात, "तुमी हे हातात घेऊन किती वेळ बसता?"

धोंडप्पाला वाटलं, आज चर्चा लांबणार. त्यानं वजन जरा वाढवून सांगितलं. "बसतो की. संध्याकाळच्याला मला दुसरं हायच काय?"

मग ती म्हणाली, "पुढल्या महिन्यात सुट्टी काढते. मी येते, मग दोघं मिळून रेंजवर जाऊ. तोवर त्याला हात लावू नका. कपाटात ठेवा. शपथ आहे."

येते! धोंडप्पानं फोन ठेवला आणि गल्लीत चक्कर मारून आला. मसुरीएवढ्या डागाला पोरगी घरी येणार होती. एवढा फायदा त्याला तुरीच्या तेजीतही झाला नव्हता.

त्यानंतर फोन दिवसातून दोनदा येऊ लागले. सकाळी, "उठलात का?" संध्याकाळी, "काय करायलाव?" हत्याराचं नाव निघेना. आज काय खाल्लं, कुणाकडं गेलात, कुणी आलं होतं का. धोंडप्पा सगळं जमेला धरत गेला.

हिशेबातली चूक कमलबाईनं काढली. ती एका सकाळी वांग्याची भाजी घेऊन आली आणि वाटी रिकामी करून घेता घेता म्हणाली, "तेवढा दिवा लवकर लावत जा बाबा. माझा जीव वर-खाली. मिस कॉल द्यायला उशीर झाला तर पोरीचे दहा फोन."

"कसला मिस कॉल?"

कमलबाईनं जीभ चावली. पण तिच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे तिलाही माहीत आणि गल्लीलाही. "ईश्वरीनंच सांगून ठेवलंय. मावशी, अप्पांचा दिवा लागला की संध्याकाळी एक मिस कॉल द्या. सकाळी दार उघडलं की एक. लय दिवस झाले की."

"दार उघडलं का हे तिला कशाला पायजे?"

"आता मी काय सांगू? बायको गेलेली, माणूस एकटं, आन् घरात ते. दिवसभर हातात घिऊन बसता म्हणं. पोरीच्या मनात काय काय येतं. रात्र रात्र झोपत न्हाई म्हणाली. कामावर चुका व्हायल्यात तिच्या."

धोंडप्पानं वाटी खाली ठेवली. "म्हंजी तिला वाटतं, मी जिवाचं काही करून घीन?"

कमलबाई पदराला हात पुसत राहिली.

"अगं, ते फडकं वलं होतं," धोंडप्पा म्हणाला. "मी रोज वलं फडकं ठेवायलो होतो त्याच्यावर."

कमलबाईला यातलं काहीच कळलं नाही. ती वाटी घेऊन गेली.

तो सबंध दिवस धोंडप्पानं झाकलेल्या मशीनशेजारी बसून काढला. हिशेब त्याला येत होता. एवढ्या दिवसांत जे जे जमेला धरलं, गुरुवारचं हसू सोडून, ते सगळं पोरीच्या झोपेतून आलेलं होतं. तिला खरं सांगितलं, की डाग मी मुद्दाम पाडला, तर ती विश्वास ठेवणार नव्हती. आणि ठेवला तर बाप फोनासाठी असं करतो, ही दुसरी काळजी. गप्प बसलं, तर फोन दिवसातून दोनदा आणि पुढल्या महिन्यात ती स्वतः. नुसतं गप्प बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो परभणीला गेला. पिशवीत कुलूप लावलेली डबी, गोळ्या वेगळ्या, परवाना खिशात.

शहराबाहेर, झरीकडं जाणाऱ्या रस्त्याला, बुद्धभूषण नावाच्या निवृत्त हवालदाराची लहानशी रेंज आहे. त्यानं हत्यार घेतलं, चक्री उघडून उजेडाला धरली, नळीतून पाहिलं.

"काका, नवं हत्यार एवढं साफ करून कुणी आणत न्हाई. लोक तसंच चिकट घेऊन येतात. कुणी केलं?"

"पोरीनं. फोनवर."

"आन् हा मुठीजवळ डाग?"

"तो माझा."

बुद्धभूषणनं त्याच्या कानांवर जाड पट्टे चढवले, उभं कसं राहायचं ते दाखवलं. धोंडप्पानं सहा गोळ्या झाडल्या. दोन कागदाला लागल्या, चार मागच्या मातीत गेल्या. प्रत्येक वेळी हात वर उडायचा आणि तो मागं वळून पाहायचा. मागं कुणी नव्हतं, रिकामी प्लास्टिकची खुर्ची होती. बंदुकीच्या दारूचा वास धरलेली नळी त्यानं तिथंच बसून पुन्हा साफ केली. सळई, चिंध्या, पांढरी येईपर्यंत. शेवटी एक थेंब.

तिथून तो जिथून हत्यार घेतलं त्या दुकानात गेला आणि ते जमा करून आला. परवाना असेपर्यंत ठेवा, म्हणाला, मी न्यायला येणार नाही.

बसस्थानकावरून त्यानं फोन लावला. आजवर फोन तिचा यायचा, यानं कधी लावला नव्हता. पहिल्या घंटीलाच तिनं उचलला.

"अप्पा? काय झालं? अप्पा?"

"कायी न्हाई. रेंजवर जाऊन आलो. दोन लागल्या कागदाला."

"एकटे गेलात?"

"हाव. आन् ते दुकानात जमा करून आलो. घरात ठेवायचा लय कुटाणा हाय. रोज पुसा, रोज बघा. कट्टाळा आला मला."

मशिनीचा आवाज मागं घरघरत होता. ती तिथं कुठंतरी बसली असावी, कारण तिचा आवाज एकदम खालून आल्यासारखा आला. "खरंच जमा केलं?"

"पावती दाखवू का?"

"नको." मग मोठा श्वास. "बरं केलंत, अप्पा. लय बरं केलंत."

"पुढल्या महिन्यात येतीस ना?"

"येते की. आता तशी घाई नाही ना, सुट्टीचं बघून ठरवते. दिवाळीला तर येणारच हाय."

"हां, दिवाळीला ये."

त्या संध्याकाळी फोन वाजला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. धोंडप्पानं उरलेलं तेल शिलाई मशीनला घातलं, मग स्वतःच्या दाराला, मग कमलबाईच्या फाटकाला, थेंब थेंब. कमलबाई म्हणाली, आता फाटक वाजत नाही, कोण आलं गेलं कळत नाही. सोमवारी फोन आला. जेवलात का, औषध घेतलं का, दार नीट लावता का.

तर हिशेब असा. ईश्वरीला तिची झोप परत मिळाली. कमलबाईच्या मागचा मिस कॉल सुटला, फाटक फुकटात सरळ झालं. दुकानदाराच्या कपाटात एक साफ हत्यार वाढलं, मुठीजवळ डाग असलेलं. भरणा सगळा धोंडप्पाचा: रोजची संध्याकाळ, रोजची सकाळ, आणि पुढल्या महिन्यातली एक सुट्टी. ईश्वरीला यातलं काही माहीत नाही, आणि मिस कॉलचं आपल्याला कळलंय, हे कमलबाईला त्यानं तिला सांगू दिलं नाही.