सात हजार दोनशे

मला माझीच किळस येते. सकाळी उठल्या उठल्या मी आरशासमोर जीभ बाहेर काढून उभा राहतो. मग टॉर्च लावून घसा बघतो. मग मानेच्या गाठी चाचपतो. रोज चाचपून चाचपून तिथली कातडी लाल झाली आहे, आणि ती लाल का झाली याची वेगळी काळजी. संडासात काय करतो ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की पाणी सोडायच्या आधी मी वाकून बघतो. बेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, दोन मुलांचा बाप, आणि सकाळी सकाळी हे धंदे.

छातीत धडधड, बोटांना मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं, आणि ढेकर तर इतके की मुलं जेवताना ताट उचलून दुसऱ्या खोलीत जातात. तीन डॉक्टर झाले. तिघांनीही तेच सांगितलं: शरीर धडधाकट आहे, ही सगळी चिंतेची लक्षणं. शेवटच्या डॉक्टरांनी श्वास शिकवला. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मी मोजायला बसलो की पाचावरच श्वास संपायचा, आणि मग फुप्फुसात काय झालं असेल याचा विचार सुरू.

"मन चिंती ते वैरी न चिंती," बायको म्हणायची. "तुम्हाला बाहेरचा वैरी लागतच नाही."

आणि माझं काम काय, तर रक्त तपासायचं! दारुड्याला गुत्त्यावर नोकरी लागावी तसलाच प्रकार.

आमची लॅब लहान आहे. पुढे काउंटर, तिथे एक ताई बसतात. मधे रक्त काढायची खुर्ची, मागे पेशी मोजणारं यंत्र, आणि कोपऱ्यात मॅडमची केबिन. मॅडम डॉक्टर आहेत, त्या अकराला येतात. तोपर्यंतचे साधे रिपोर्ट मीच तपासायचे आणि पाठवायचे, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास. यंत्राचा एक नियम आहे. रोज सकाळी पेशंटच्या नळ्या लावण्याआधी कंट्रोल लावायचा. कंट्रोल म्हणजे कंपनीकडून आलेलं रक्त, ज्याचे आकडे आधीच ठाऊक असतात. आकडे जुळले तर यंत्र ठीक. नाही जुळले तर यंत्र दुरुस्त होईपर्यंत एकही नळी लावायची नाही. शेंबड्या पोराला कळेल इतकी सोपी गोष्ट.

मी मात्र रोज स्वतःचं रक्त लावायला लागलो होतो. ताई यायच्या आत, डाव्या हातातून, चोरून. पांढऱ्या पेशी सात हजार दोनशे; अकरा हजारांपर्यंत ठीक मानतात. कधी शंभर वर, कधी शंभर खाली. तो आकडा दिसला की दुपारपर्यंत धडधड बंद. दुपारनंतर पुन्हा, कालचं ते काल, आज आतमध्ये काय चाललंय कोणाला माहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी रोज सुई टोचून करत होतो.

मग मला अक्कल सुचली. कंट्रोलची बाटली फ्रिजमधून काढा, गारठा जाऊ द्या, हातात घोळवत बसा. त्यापेक्षा आपलं रक्त आहेच की. आपला आकडा पाठ आहे. तो बरोबर आला म्हणजे यंत्र बरोबर. मी कंट्रोल लावणं बंद केलं आणि वहीत रोज "कंट्रोल बरोबर" लिहीत गेलो. चार महिने. किळसवाणी गोष्ट ही की मला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा. अख्ख्या लॅबचं माप माझ्या रक्तावर चालतं, असा.

त्या बुधवारी सातपासून आठपर्यंत मी सतरा जणांचं रक्त काढलं. पहिला नंबर एका प्लंबरचा. नव्या नोकरीसाठी तपासणी हवी होती. माणूस दांडगा, आवाज त्याहून दांडगा. "काढा बादलीभर," तो म्हणाला, "आपली टाकी कायम भरलेली असते. जन्मात ताप नाही आला." खुर्चीवर बसून त्याने आमच्या बेसिनचा गळका नळ हेरला आणि जाता जाता पिळून बंदही करून दिला.

आठ वाजता मी आधी माझी नळी लावली. पांढऱ्या पेशी एकतीस हजार.

जगातला कुठलाही तंत्रज्ञ म्हणाला असता, यंत्र बिघडलं. आदल्या संध्याकाळीच मी लाल पेशी विरघळवणाऱ्या रसायनाचा नवा कॅन जोडला होता. लाल पेशी विरघळल्या नाहीत की यंत्र त्यांनाही पांढऱ्या समजून मोजतं, हे मी नव्या लोकांना शिकवलेलं आहे. माझ्या मनात ते आलंसुद्धा नाही. मनात आलं ते एवढंच, की आलं. ज्याची वाट बघत होतो ते आलं. आणि लाज वाटते सांगायला, पण पोटात कुठेतरी बरंही वाटलं. बायकोला म्हणता येणार होतं, बघ, मी म्हणत होतो ना!

पुन्हा लावली. तीस हजार चारशे. त्याच बेसिनमध्ये मी ओकलो, पाणी सोडलं, तोंड पुसलं आणि सवयीने सतरा नळ्यांचा ट्रे यंत्रात ढकलला. पडद्यावर आकडे येत गेले. मी एकही वाचला नाही. मला सतरा माणसं दिसतच नव्हती, मला माझं मरण दिसत होतं. बटण दाबलं, रिपोर्ट सतरा जणांच्या मोबाइलवर गेले, आणि मी इस्पितळ गाठलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना मी कुठे काम करतो ते आणि तिथला आकडा सांगितला; त्यांनी रक्त काढलं. तासाभराने कागद आला. सात हजार शंभर.

"तुमचं यंत्र चुकतंय," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "असेल. तुमच्याकडे आज बाकीच्यांचे किती आले?"

तेव्हा मला न वाचता पाठवलेले ते सतरा रिपोर्ट आठवले. त्या दिवसातली ती एकच भीती खरी होती.

परत येऊन पाहिलं तर कॅनची मुदत दोन महिन्यांपूर्वीच उलटलेली. कंट्रोल लावला, तर तोही चौपट. सतराच्या सतरा रिपोर्ट चुकीचे. मॅडम वही उघडून उभ्या होत्या.

"आज कंट्रोल लावला होतात?"

"नाही."

"कधीपासून नाही?"

मी चार महिने म्हणालो आणि बाकीचंही सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे, कोपराच्या खळगीतल्या काळ्यानिळ्या डागांकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "महिनाअखेरपर्यंत काम करा, मग दुसरीकडे बघा. आधी फोन लावा. सगळ्यांना. तुम्ही स्वतः."

सोळा जणांना फोन लागला. कोणी आईबहीण काढली, कोणी रडलं. एक आजी म्हणाल्या, मला मोबाइलवरचं वाचताच येत नाही, पुन्हा कधी येऊ ते सांग. प्लंबरचा फोन बंद होता.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, बायकोला घेऊन. मी आधी ओळखलंच नाही. काल रिपोर्ट घेऊन तो जवळच्या डॉक्टरांकडे गेला होता, आणि त्यांनी रक्ताच्या कॅन्सरची शंका बोलून दाखवली होती. "रात्रभर छातीवर हात ठेवून बसलेत," बायको म्हणाली. "पाणीसुद्धा गिळत नाही म्हणतात."

मी दोघांना आत नेलं. चूक यंत्राची आणि त्याहून जास्त माझी, तुम्हाला काहीही झालेलं नाही, हे हात जोडून सांगितलं. कॅन बदललेल्या यंत्रावर त्याच्या डोळ्यांसमोर कंट्रोल लावला, आकडे जुळवून दाखवले, मग नव्याने रक्त काढून त्याची नळी लावली. सहा हजार आठशे. मॅडम त्या दिवशी लवकर आल्या होत्या; त्यांनी बाहेर येऊन सही केली. बायकोने डोळ्याला पदर लावला.

तो कागद उलटसुलट करत राहिला. "काल एकोणतीस हजार, आज सात. दोन्ही कागद तुमचेच."

"कालचा चुकीचा होता."

"मग आजचा बरोबर कशावरून?"

या प्रश्नाचं उत्तर मला डॉक्टरांनी शंभर वेळा दिलं होतं. मी एकदाही मानलं नव्हतं.

"आणि ह्या मुंग्या?" त्याने बोटं पुढे केली. पान्हे फिरवून ती राठ झाली होती. "कालपासून येतायत. रक्त चांगलं आहे तर मुंग्या कशाच्या?"

"भीतीच्या. मलाही येतात."

तो खुर्ची मागे सरकवून जरा लांब झाला. "म्हणजे तुम्हालाही तेच झालंय?"

त्याने बाही वर केली. "अजून एकदा काढा."

"नाही काढणार," मी म्हणालो. "तिसऱ्यांदा काढलं की चौथ्यांदा काढावंसं वाटतं."

तो उठला आणि बाहेर पडला. काचेतून दिसलं, तो रस्ता ओलांडून समोरच्या लॅबच्या पायऱ्या चढत होता. बायको दारातच थांबली. तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "तुम्हालाही होतं म्हणालात. किती दिवस राहतं हो हे?"

मला पाच वर्षं झाली होती.

"आठ-दहा दिवस," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या मागे गेली.