फुसफुस थांबल्यावर

मित्रांनो, प्लास्टिकच्या बाटल्या बनवणाऱ्या एका कारखान्यातला जुना कॉम्प्रेसर म्हणजे मी. बाहेरची हवा ओढायची, दाबायची आणि पोटाखालच्या टाकीत भरायची, हे माझे काम. तिथून ती नळ्यांतून पुढे जाते आणि साच्यांत बाटल्या फुगवते. थोडे भराभर सांगतो, कारण माझ्याकडे वेळ कमी आहे.

नवा होतो तेव्हा टाकी भरली की एक स्विच टक्कन मोटर बंद करायचा आणि मी दम घ्यायचो. मग नळ्यांचे सांधे सैल झाले. हवा वाटेतच गळू लागली, टाकी कधी भरेना, मी कधी थांबेना. न वापरलेला तो स्विच आतल्या आत चिकटून बसला. टाकीच्या तळाशी पाणी साचून पत्राही झिजला. माझी देखभाल करणारे आप्पा तेल मात्र न चुकता घालत. "चालतंय ना गडी? मग झालं," म्हणत.

एका सुट्टीच्या दिवशी विजेचा वापर तपासायला एक ताई आल्या. सगळी यंत्रे बंद होती, मी एकटाच धापा टाकत होतो.

"एक बाटली निघत नाहीये, मग हा कुणासाठी राबतोय?" त्यांनी विचारले.

"म्हातारा आहे, बडबडायची सवय लागलीय त्याला," मुकादम हसले.

"ही बडबड तुमच्या विजेवर चाललीय, दादा."

त्यांनी नळ्यांना साबणाचे पाणी लावले. बुडबुडे आले तिथे लाल फीत बांधली. "फीत दिसली की गळती बुजवायची. मी पुन्हा येऊन वीज मोजेन," असे सांगून त्या गेल्या.

सगळे सांधे घट्ट झाले. आज कित्येक वर्षांनी माझी टाकी भरली. पण चिकटलेल्या स्विचने मोटर थांबवलीच नाही. दाब वाढला, तेव्हा टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला आणि जास्तीची हवा फुसफुसत बाहेर सोडू लागला.

"अरे, ही एक गळती राहिलीच की!" मुकादम धावत आले.

"ही आधी नव्हती हो," आप्पा म्हणाले.

"गोंगाटात ऐकू आली नसेल. ताई येतील एवढ्यात, नाक कापायचंय का माझं?"

त्यांनी व्हॉल्व्हला स्वतःच लाल फीत बांधली आणि त्याच्या तोंडात बोल्ट घट्ट पिळला.

"वा! आता माझंच घोरणं मला ऐकू येईल," आप्पा म्हणाले. माझी धाप चालूच आहे, पण तिची त्यांना कित्येक वर्षांची सवय. त्यांची कंबर दुखते. माझी टाकी कोमट लागते, म्हणून ते स्टूल ओढून तिला पाठ टेकून बसले आहेत. त्यांच्या डोक्यावर दाबाचा काटा धोक्याच्या लाल रेघेला टेकला. आता तो रेघेच्या पुढे गेला आहे.

मित्रांनो, वीज जरूर वाचवा. पण कोणत्याही यंत्राचा आवाज बंद करण्यापूर्वी ते का ओरडते आहे, एवढे विचारा. आम्हाला दुसरी भाषा नाही.

दाराबाहेर ताईंचा आवाज येतो आहे. मुकादम फुशारकीने सांगत आहेत, "टाचणी पडली तरी ऐकू येईल बघा! या, आधी ऑफिसात चहा घेऊ."

ताई, चहा राहू द्या. आधी इकडे या.