एक सूत बेडूक

तुळशीराम मेश्रामांचा जीव दोनच गोष्टींत होता, फूटपट्टीत आणि स्वतःच्या शहाणपणात. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बत्तीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढून ते निवृत्त झाले, तरी बायकोनं पोळी वाकडी लाटली की त्यांना घास गोड लागत नसे. भागीरथाबाई म्हणायच्या, तुमचं पोट गोल आहे तेवढं पुरे, पोळीचं काय घेऊन बसलात.

अशा माणसाच्या अधारताल मोहल्ल्यातल्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत भोपाळहून नात आली, अंजनी, पहिली पास. आईबापांशी सगळं हिंदीत. मराठी तिला कळायची, पण तोंडातून निघायची नाही. आजोबांनी एक मराठी पुस्तक पुढं केलं, तर तिनं चार ओळी वाचल्या आणि ही हिंदी बिघडलेली आहे असं सांगून परत केलं. फोनवर मुलाकडे कुरकुर केली तर तो म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा. मराठीचं तिला काय करायचंय?" हे वाक्य तुळशीरामांना उठता बसता टोचत राहिलं. अंजनी रविवारच्या गाडीनं परत जाणार होती. त्याआधी तिनं एक तरी मराठी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं.

पोरीला चित्रांच्या गोष्टी आवडतात, आणि ज्यांचं जन्मात जमायचं नाही अशा प्राण्यांची दोस्ती असली की ती तोंडावर हात ठेवून हसते, हे त्यांनी हेरलं होतं. मग त्यांनी स्वतःच कॉमिक काढायला घेतलं. म्हैस आणि बेडूक. म्हशीचं नाव राधाबाई. बेडकाचं भय्यासाहेब, कारण ड्रॉइंग ऑफिसातले त्या नावाचे बडे साहेब असेच होते, दिसायला एवढेसे आणि ओरडायला गल्लीभर.

इथं अंगातला ड्राफ्ट्समन जागा झाला. दयारामच्या डेअरीत जाऊन त्यांनी टेपनं म्हैस मोजली. आठ फूट, शेपूट वेगळी. तेवढ्यात म्हशीनं त्यांच्या पायजम्यावर जे करायचं ते केलं. बेडूक नळाजवळच्या डबक्यात मोजला, दोन इंच. कागदावर म्हैस सहा इंच बसवली, त्या मापानं बेडूक आला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांनी बरोबर एक सूतच काढला, हातपाय डोळे सगळं त्यातच. पानाच्या कोपऱ्यात ऑफिसातल्यासारखी चौकट आखून 'काढले' पुढे सही ठोकली आणि 'मंजूर' पुढची जागा सवयीनं मोकळी ठेवली, आपलं काम आपणच मंजूर करायचं नसतं.

भागीरथाबाईंनी पान उचलून झटकलं. "काहो, बेडूक कुठी आहे? मी तं मच्छर समजून पुसून राहिली होती."

जरा मोठा काढा, असं त्यांनी दहा वेळा सांगितलं. तुळशीराम ऐकतील तर शपथ. बत्तीस वर्षं मापाशी बेइमानी केली नाही, ती आता एका बेडकापायी करणार नाही, म्हणाले.

शनिवारी दुपारी आठ पानं शिवून झाली. अंजनीनं पहिलं पान पाहिलं आणि विचारलं, "आबाजी, मेंढक कहाँ है?" लिहिलंय तिथं, वाच, असं ते घुश्शातच म्हणाले. तिनं नाक मुरडत वाचलं. राधाबाई विचारत होती, भय्यासाहेब, कुठे तडफडलात? भय्यासाहेब सांगत होते, तुझ्या डाव्या कानामागे, आणि आंघोळ कर जरा. अंजनीनं डाव्या कानामागे बोट नेलं. होता तिथं. ती फिस्सकन हसली.

मग काय विचारता. बेडूक सापडायचा तर वाचण्यावाचून गत नव्हती. शेपटीच्या गोंड्यात, शिंगाच्या टोकावर, एकदा तर शेणाच्या ढिगावर ऐटीत बसलेला. तुळशीराम दाराआड उभे राहून उलटणारी पानं मोजत होते. सातवं पान उलटलं. आठव्यावर पोरगी अडली.

आठव्या पानावर राधाबाई चिखलात बसून म्हणत होती, भय्यासाहेब, आता आपण कायम सोबत. एवढंच. अंजनीनं कान पाहिले, शिंगं पाहिली, शेपूट पाहिली. तुळशीराम भिंग घेऊन आले. बेडूक नव्हता. शनिवार गाठायच्या घाईत काढायचाच राहिला होता. एका भोकाची खूण राहिली म्हणून ज्यानं दुसऱ्यांचे नकाशे परत फेकले, तो गडी आज अख्खा बेडूक विसरला होता. एका पानासाठी सगळं मुसळ केरात गेलं असं त्यांना वाटलं.

अंजनीनं ती ओळ पुन्हा वाचली, चित्र पुन्हा पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला.

"आबाजी, म्हैस त्याच्यावर बसून राहिली."

भाजी निवडता निवडता भागीरथाबाईंचा हात थांबला. पोरगी मराठी बोलली होती, तीही थेट आजीसारखी. तुळशीरामांनी तोंड फिरवलं. त्यांनी पेन शोधायला घेतला, आत्ता बेडूक काढतो म्हणाले. अंजनीनं त्यांचा हात धरला. तो खाली दबलाय तर दिसेल कसा, इतकं साधं आबाजींना कळू नये याचं तिला नवल वाटलं. तिनं पेन्सिल घेतली, म्हशीच्या बुडाखाली बोलण्याचा एक भला मोठा फुगा काढला आणि त्यात वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'राधाबाई, उठ.'

फुगा बेडकाच्या वीसपट होता. तुळशीरामांनी मापाचं नाव काढलं नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी चुकलेल्या ड्रॉइंगवर 'मंजूर' पुढे सही केली.