शीतगृहातल्या बारा बिया

बाबांना जाऊन दोन आठवडे झाले होते. संशोधन केंद्राच्या संचालकांचा फोन आला. शुक्रवारी केंद्राला शंभर वर्षं पूर्ण होतायत, त्या सोहळ्यात बाबांच्या नावाने एक बी पाहुण्यांच्या हातून लावायची आहे, मी शेजारी उभं राहावं अशी सगळ्यांची इच्छा आहे.

"कुठली बी?" मी विचारलं.

"त्यांच्याच झाडाची. सगळ्या बिया सुखरूप आहेत."

सुखरूप म्हणजे कुठे, हे विचारायला माझी जीभ रेटेना. दवाखान्यात बाबा एकच गोष्ट घोकत होते. फळं पडली की पाच दिवसांत बिया मातीत गेल्या पाहिजेत, मावशींना सांग. मी रोपवाटिकेतल्या मावशींना कळवलं होतं. बारा बिया निघाल्या, एवढा त्यांचा निरोप आला, आणि त्याच संध्याकाळी बाबा गेले. बिया लावल्या असतील असं मी गृहीत धरलं.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेले. झाडांच्या बुंध्यांना पांढरा रंग फासत होते. त्याचे ओघळ कोवळ्या फुटव्यांवर आले होते. संचालकांच्या खोलीत कसल्याशा गोडसर फवाऱ्याचा वास कोंडला होता. त्यांनी केंद्राचा इतिहास माझ्या हातात दिला. जाड, गुळगुळीत कागद. रबराची रोपं वाढवायला सुरू झालेली बाग, मग लाकडासाठीची झाडं, मग तोडून संपलेल्या जंगलातल्या दुर्मिळ जाती. प्रत्येक संचालकाचा पानभर फोटो. बाबांच्या झाडाला दोन पानं होती. शेवटच्या जंगलातून आणलेलं, सव्वीस वर्षांनी प्रथमच फळलेलं, 'संचालकांच्या मार्गदर्शनाखाली' वाढलेलं. बाबांची चौतीस वर्षं 'तांत्रिक कर्मचाऱ्यांचेही सहकार्य लाभले' या ओळीत मावली होती. ज्यांचं मार्गदर्शन म्हणे लाभलं, ते मागचे साहेब त्या झाडाला 'वाळका खांब' म्हणायचे. हे बाबा हसत सांगायचे. मला तेव्हाही हसू यायचं नाही.

"बिया बघू?" मी म्हणाले.

ते मला शीतगृहात घेऊन गेले. दार उघडताच ओल्या पुठ्ठ्याचा आंबूस वास आला. मधल्या फळीवर काचेची बरणी, तिच्यावर सोनेरी कागदाची पट्टी, पट्टीवर बाबांचं पूर्ण नाव. आत बारा बिया, सुरकुतलेल्या.

"किती दिवस?"

"त्यांची बातमी आली त्याच संध्याकाळी वाळत घातल्या, चार दिवसांनी इथे ठेवल्या. आपला नियमच आहे ताई, आलेली प्रत्येक बी आधी वाळवायची, मग इथे. गव्हाची बी आम्ही अशीच तीस-तीस वर्षं टिकवलीय."

मावशी आमच्या मागोमाग येऊन दारात उभ्या होत्या. "मी सांगत होते साहेबांना," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "ही बी वाळली की मरते, गारठली की मरते. म्हणाले, मावशी, तुम्ही आपलं झाडांना पाणी घाला. फ्रीजमधले मटार समजून ठेवल्यात नुसत्या."

संचालक कसनुसं हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मला सगळ्यात जास्त शिसारी त्याचीच आली. आदरानेच मारल्या होत्या.

मावशींकडून कलमाची सुरी घेऊन मी पहिल्या बीला अंकुर सांभाळून कडेने चीर दिली. आत पांढरा, ओलसर गर हवा होता. बोटाला तपकिरी चिकट बुळबुळ लागली. दुसरी तशीच. झाडाचं खोड वाळवीने पोकळ झालंय, पुन्हा फळेल याची खात्री नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी थांबले नाही. एखादी तरी निघेल. सहावी, सातवी. बाराव्या बीपर्यंत मावशी एकेक वाटीत वेचून ठेवत होत्या. एकही जिवंत नव्हती.

"ताई, शुक्रवारी काही अडणार नाही," संचालक म्हणाले. "कुंडीत यातलीच एक ठेवू. महिन्याने मावशी त्यात दुसरं रोप लावतील. लहानपणी पानं सारखीच दिसतात. बाबांचं नाव तर राहील."

"मी नाही लावणार," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्हाला कोणी विचारलंय का?"

"नाही विचारलं. म्हणूनच सांगितलं."

मी हात पुसले. बाबांची पेरणीची नोंदवही कुठे आहे, विचारलं. ती प्रदर्शनाच्या काचेच्या पेटीत होती, पहिल्या पानावर उघडून ठेवलेली. मी ती काढून घेतली. पेरलेलं पण न उगवलेलं सगळं बाबांनी त्यात लिहिलं होतं, कारणासकट. 'पाणी जास्त झालं, चूक माझी.' 'उंदरांनी खाल्ल्या, जाळी विसरलो.'

शेवटच्या नोंदीखाली मी तारीख घातली. बारा बिया, वाळवून शीतगृहात ठेवल्या, सर्व मृत. पेरल्या नाहीत. कारण म्हणून संचालकांचा हुद्दा लिहिला आणि खाली सही केली.

"अहो, पण ही वही पाहुणे बघणार आहेत," ते म्हणाले.

"बघू देत. हेच पान उघडं ठेवा."

"आणि नाही ठेवलं तर?"

"तर पाहुण्यांना मी तोंडी सांगेन. शेजारी उभं राहायला तुम्हीच बोलावलंय."

त्यांनी वहीतली ती ओळ पुन्हा वाचली. मग फोन काढून कोणाला तरी म्हणाले, "कुंडीचा कार्यक्रम रद्द करा. कारण नंतर सांगतो." मावशींनी वाटी उचलली आणि बाहेर जाऊन खताच्या खड्ड्यात उपडी केली. माझ्या बोटांना लागलेला कुजक्या बियांचा वास साबणाने दोनदा धुऊनही गेला नाही.