पुतण्याची ओळ

खरं बोलण्याचा खोडसाळपणा थापाडे काकांनी आयुष्यात फारसा केला नव्हता. निर्वासितांच्या वसाहतीत कोणी चौकशीला आलं, की ते सांगत, "हद्द ओलांडली ती हत्तीच्या पोटाखाली लपून. त्यात हत्तीला सर्दी!" पाहुणे हसून हसून डोळे पुसत. विधवा वहिनी कपाळावर हात मारत.

"हत्ती कुठला, भाऊजी? आपल्याकडे धड बैल नव्हता!"

पण शहरातली संगीतकार बाई आणि तिचा चित्रकार नवरा 'तुमच्या आठवणींचा कार्यक्रम करू' म्हणत आले, तेव्हा काकांनी क्लॅरिनेट काढलं आणि एकुलती एक खरी गोष्ट देऊन टाकली.

डोंगरात धुकं असं, की स्वतःचा हात दिसेना. कोणी हरवू नये म्हणून रांगेतल्या प्रत्येकाला गाण्याची एकेक ओळ वाटून दिलेली. पुढच्यानं आपली म्हटली की मागच्यानं आपली म्हणायची. तिसरी ओळ पुतण्याची, चौथी त्याच्या आईची, म्हणजे वहिनींची. उतारावर तिसरी ओळ आलीच नाही. वहिनी आपली ओळ तोंडात धरून उभ्या राहिल्या. हाका मारून सगळ्यांचे घसे बसले. मग उरलेले चालू लागले.

"तिथं ओळभर गप्प राहायचं," काका म्हणाले. "तो गेला, हे वहिनी आत्ता कुठे मानायला लागल्यात." आणि काय गाळायचं ते बाईला नीट कळावं म्हणून काकांनी ती ओळ शब्दांसकट म्हणून दाखवली. तेवढी एक चूक झाली.

तालमीत बाईला ती शांतता खुपली. वादक विसरला असं लोकांना वाटायचं! तिनं तिथं पडद्यामागून एका तरुण गायकाचा आवाज घातला. नवऱ्यानं भिंतभर धुकं रंगवलं होतं; त्या ओळीला त्यातून एक आकृती उजळे. काकांना गोड धक्का द्यायचा, म्हणून दोघं गप्प राहिली.

कार्यक्रमात दुसरी ओळ संपली. काकांनी मान खाली घातली. आणि धुक्यातून तिसरी आली.

वहिनी ताडकन उठल्या आणि फाटक्या आवाजात त्यांनी चौथी म्हटली. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या थांबेनात.

"ऐकलंत, भाऊजी? मागे राहिला होता, एवढंच!"

काकांनी वहिनींना सभागृहाबाहेर नेलं आणि गायकाला पडद्यामागून ओढत तिथं आणलं. त्यानं ओशाळून ओळ म्हटली. वहिनींनी त्याला नीट न्याहाळलं.

"हा कोण भलताच? माझा आत आहे."

"वहिनी, ती ओळ मीच त्या बाईला शिकवली. देवाशपथ!"

वहिनी पायरीवर बसल्या, दाराकडे तोंड करून.

"जन्मभर थापा मारल्यात, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण इतकी वाईट रचलेली एकही नव्हती."